बाबुराव पेंटर: विकत मिळेना म्हणून कॅमेराच बनवणारा माणूस

आज एखाद्या नव्या फोनबद्दल नाही, तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका हार्डवेअर प्रोजेक्टबद्दल बोलू. तो प्रोजेक्ट म्हणजे कोल्हापुरात तयार झालेला सिनेमाचा कॅमेरा. तो बनवणारा माणूस इंजिनिअर नव्हता, नाटकाचे पडदे रंगवणारा चित्रकार होता. पुढे तो आपल्याकडचा पहिल्या फळीतला कलादिग्दर्शक झाला. सिनेमात जे दिसतं, म्हणजे वाडे, झोपड्या, कपडे, प्रकाश, ते सगळं कसं दिसावं हे ठरवणाऱ्याला आज आपण प्रॉडक्शन डिझायनर म्हणतो. तेव्हा मात्र या कामाला नावसुद्धा नव्हतं.

मेस्त्री घराण्यातली दोन पोरं

बाबुराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिरांचं, त्यामुळे हातात हत्यार आणि ब्रश दोन्ही लहानपणीच आले. कला कुठल्या कॉलेजात शिकले नाहीत. आनंदराव हे त्यांचे भाऊ, नात्याने चुलत, पण कामात सख्ख्याहून जवळचे. दोघांनी मिळून नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. राजवाडा, जंगल, नदीकाठ, जे हवं ते कापडावर. या कामावरूनच लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि आडनाव मागे पडलं.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि दोघांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि आधी सिनेमे दाखवायला सुरुवात केली. पण डोक्यात दुसरंच होतं: आपण स्वतः सिनेमा काढायचा. अडचण एकच. परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता.

प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा सुचतो?

इथे थोडं टेक्निकल समजून घेऊ. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग धावत नाही. ती झटक्याने एक चौकट पुढे सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. थांबलेली असतानाच प्रकाश तिच्यातून जातो, सरकताना शटर तो अडवतं. कॅमेऱ्यातही नेमकं हेच होतं, फक्त प्रकाशाची दिशा उलटी. प्रोजेक्टरमध्ये तो आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो.

म्हणजे ज्याच्याकडे उघडून बघता येईल असा प्रोजेक्टर आहे, त्याच्याकडे कॅमेऱ्याचा अर्धा नकाशा आहे. याला आज आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो. उरलेला अर्धा भाग जास्त अवघड असतो: पेटीत कुठूनही उजेड शिरता कामा नये आणि प्रत्येक चौकट बरोबर त्याच जागी थांबली पाहिजे. केसाइतका फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरतं. शिवाय मोटर नाही. हँडल हाताने फिरवायचं, सेकंदाला साधारण १६ चौकटी, एका लयीत.

मी रेवसचा. आमच्या धक्क्यावर लाँचचं इंजिन अडलं आणि पार्ट मिळेना, की तो कसातरी घडवतातच, कारण भाऊच्या धक्क्याकडे जाणारी माणसं खोळंबलेली असतात. कोल्हापुरातली गोष्ट त्याच जातीची आहे. फरक एवढाच की तिथे कोणी खोळंबलं नव्हतं. ही यंत्रं घडवायचा हट्ट फक्त या दोघांचा होता.

मग १९१६ साली, कॅमेरा अर्धवट असतानाच, आनंदराव गेले. काम तिथेच थांबलं असतं तर कोणी दोष दिला नसता. बाबुरावांनी त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेतलं आणि १९१८ साली तो कॅमेरा चालू केला. त्याच सुमारास कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला, राजर्षी शाहू महाराजांचा आधार मिळाला.

पडदा काढा, भिंत बांधा

१९२० साली कंपनीचा 'सैरंध्री' पुण्यात लागला. त्यातला कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटत होता की सेन्सॉरने तो कापायला लावला. लोकमान्य टिळकांनी बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली.

पण त्यांचं खरं योगदान सेटमध्ये आहे. ज्यांनी आयुष्यभर पडदे रंगवले, त्यांनीच सिनेमातून रंगवलेले पडदे काढले आणि खोली असलेले, राहते वाटणारे सेट बांधले. का? नाटकात प्रेक्षक समोर लांब बसतो, दिव्यांचा उजेड ठरलेला असतो, म्हणून कापडावरचा डोंगर चालून जातो. कॅमेरा मात्र जवळ येतो. त्या काळात शूटिंग मुख्यतः उन्हात व्हायचं. सूर्य सरकतो, पण रंगवलेली सावली जागची हलत नाही आणि नटाची सावली थेट डोंगरावर पडते. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये केसांची कड चुकली की आपल्याला लगेच खोटं वाटतं ना, तसंच हे.

त्यात तेव्हाची फिल्म लाल रंग जवळजवळ काळा दाखवायची आणि निळा फिकट पांढरा. म्हणजे डोळ्याला सुंदर दिसणारा सेट फिल्मवर भलताच दिसू शकतो. कलादिग्दर्शकाला रंगात बघून करड्या छटांमध्ये विचार करावा लागायचा.

बाबुराव शूटिंगआधी पात्रं, कपडे, हालचाली कागदावर रेखाटत. 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीची लढाई उभी केली. सिनेमाची पोस्टर्स ते स्वतः रंगवत, प्रेक्षकांसाठी फोटोंसह माहितीपुस्तिका काढत. १९२४ च्या 'कल्याण खजिना'ला लंडनच्या वेम्ब्ली प्रदर्शनात पदक मिळालं. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तर देव नाहीत, राजे नाहीत. सावकारामुळे जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी आहे. ती भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली.

शिष्य पुढे, गुरू मागे

१९२९ साली दामले, शेख फत्तेलाल, शांताराम आणि धायबर कंपनी सोडून गेले आणि त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर दोनेक वर्षांतच बंद पडली. सिनेमा बोलू लागला होता. बाबुरावांनी 'उषा' (१९३५) केला, 'सावकारी पाश' १९३६ मध्ये आवाजासह पुन्हा केला, १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'वर काम केलं. पण पूर्वीचा दबदबा परत आला नाही. तिकडे दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ साली व्हेनिसमध्ये गौरव झाला. ती हातोटी ते कोल्हापुरात शिकले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबुराव कोल्हापुरातच वारले.

मग आज काय उरलंय?

फार थोडं, आणि हीच टोचणारी गोष्ट आहे. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, म्हणजे पटकन पेट घेणारी. दमट हवेत ती चिकट होऊन कुजायचीही. बाबुरावांचे बहुतेक मूकपट असेच नाहीसे झाले, १९२५ चा 'सावकारी पाश'सुद्धा. जे सेट बघून लोक थक्क झाले, ते आज आपल्याला कुठल्याच ॲपवर बघता येणार नाहीत. 'कल्याण खजिना'चं पोस्टर मात्र टिकलं. सगळ्यात आधी फाटून जायला हवा होता तो कागद राहिला आणि सिनेमा गेला.

आपल्या खिशात आज जो कॅमेरा आहे, तो सेकंदाला ६० चौकटी घेतो आणि हँडलही फिरवावं लागत नाही. साधन मिळवण्यासाठी बाबुरावांची उमेदीची वर्षं गेली, आपल्याला ते तयार मिळालंय. म्हणून दोन कामं नक्की करा. आतला भाग कसा चालतो याबद्दल कुतूहल ठेवा. आणि जे शूट कराल, आजीची गोष्ट असो की गावची जत्रा, त्याची एक कॉपी फोनबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा. बाबुरावांच्या सिनेमांची अशी दुसरी कॉपी कुठे असती, तर आज हा लेख वाचण्याऐवजी तुम्ही 'सावकारी पाश'च बघत बसला असता.