खानबहादुर अझिझुल हक्क

ज्यास लिहितां येत नाहीं त्यास आपल्याकडे अंगठाबहाद्दर म्हणून हिणवितात. परभणीच्या कचेरींत खरेदीखतावर डाव्या हाताचा अंगठा उठवितांना एकादा वृद्ध शेतकरी ओशाळतोहि. पण हा अंगठा सहीहून अधिक खरा ठरविण्याच्या कामीं ज्या गणिती तरुणानें आपली बुद्धि वेंचिली, त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

अझिझुल हक्क ह्यांचा जन्म १८७२ सालीं बंगाल्यांतील खुलना भागांत झाला. आईबाप लहानपणींच वारले. थोरल्या भावाच्या घरीं अधिक खाल्लें म्हणून मार बसला, आणि बारा वर्षांचा हा मुलगा कलकत्त्यास पळून गेला, असें सांगतात. पुढें प्रेसिडेन्सी कॉलेजांत तो गणितांत चमकला, व १८९२ सालीं बंगालचे पोलीसप्रमुख एडवर्ड हेन्री ह्यांनीं त्यास आपल्या हाताखालीं घेतलें.

त्या काळीं गुन्हेगाराचें डोकें, हात, पाय मोजून ठेवीत. मोजणारा बदलला कीं मापहि बदले! ठसे बदलत नसत. परंतु हजारों कागदांतून नेमका एक काढावा कसा? आपल्याकडे सामुद्रिक जाणणारे बोटांवरील शंख व चक्रें मोजतात. हक्कांनींहि चक्रेंच मोजिलीं, मात्र भविष्यासाठीं नव्हे. प्रत्येक बोटावर चक्र आहे कीं नाहीं, एवढेंच पाहिलें तरी दहा बोटांचे १०२४ प्रकार होतात. विद्यार्थ्यांनीं दोनाचा दहावा घात काढून पाहावा. म्हणून ३२ ओळी व ३२ रांगा अशा १०२४ खणांची मांडणी झाली. हेमचंद्र बोस हे सहकारी होते. १८९७ सालीं कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली.

त्याच सालीं जलपायगुडीकडे चहाच्या मळ्याच्या एका व्यवस्थापकाचा खून झाला. तेथील पंचांगावरील रक्ताचा पुसट ठसा एका जुन्या कैद्याच्या अंगठ्याशीं जुळला. १८९८ सालीं न्यायालयानें त्यास चोरीबद्दल दोषी धरिलें. केवळ ठशावरून खुनाची शिक्षा देण्यास मात्र तें धजलें नाहीं. हा मनुष्य आधींच संशयित होता, म्हणून त्याचा कागद काढतां आला. एरवीं खणांची युक्ति दहाहि बोटें हातीं असतील तेव्हांच चालते, आणि चोर तर एकाच बोटाचा अर्धामुर्धा, फासटलेला ठसा ठेवून जातो.

ह्या अडचणीवर आतां संगणक योजिला आहे. रेषा कोठें संपते, कोठें फुटते, हे बिंदु टिपून तो लाखों ठसे चाळतो. भारतांत २०२२ सालीं ह्यासाठीं राष्ट्रीय संग्रहहि सुरू झाला. पण अपुऱ्या ठशावरून संगणक फक्त सारखे दिसणारे कांहीं ठसे पुढें ठेवितो; निर्णय तज्ज्ञाच्या डोळ्यांसच करावा लागतो. शिवाय संग्रह जितका मोठा, तितके परक्या माणसाचे फसवे ठसे अधिक. २००४ सालीं माद्रिद येथील रेल्वेस्फोटांनंतर अमेरिकन तज्ज्ञ असेच फसले व एका निरपराध वकिलास कोठडीत राहावें लागलें. स्पेनच्या पोलिसांनीं ठसा दुसऱ्याचा असल्याचें दाखविलें, तेव्हां तो सुटला.

हक्कांकडे वळूं. १९०० सालीं हेन्रींचा ग्रंथ निघाला व पद्धतीस हेन्रींचें नांव पडलें. हक्कांचा मोठा वाटा हेन्रींनीं मान्य केला, पण तो पुष्कळ वर्षांनीं. हा विलंब आम्हांस खटकतो. १९१३ सालीं हक्क खानसाहेब झाले, १९२४ सालीं खानबहादुर, आणि सरकारांतून ५००० रुपये मिळाले. बिहारांतील मोतीहारी येथें १९३५ सालीं त्यांचें निधन झालें. पद्धति आजहि हेन्रींच्याच नांवानें शिकविली जाते.