रहीमसाहेब

१९६२ सालच्या सप्टेंबर महिन्याची ४ तारीख. इंडोनेशियाची राजधानी जाकार्ता येथील विशाल क्रीडांगणावर आशियाई क्रीडास्पर्धांतील फुटबॉलचा अंतिम सामना संपला आणि भारताच्या खेळाडूंच्या गळ्यात सुवर्णपदके पडली. ज्याने हा संघ घडविला, तो मनुष्य मात्र पदक घेणाऱ्यांच्या रांगेत नव्हता. पदक खेळणाऱ्याला मिळते, शिकविणाऱ्याला नाही, अशी या स्पर्धांची रीतच आहे. सय्यद अब्दुल रहीम हे त्या मनुष्याचे नाव. हैदराबादेत लहानथोर सारे त्यांना रहीमसाहेब म्हणत.

रहीमसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद शहरी झाला. त्या काळी हैदराबाद हे निजामाचे संस्थान होते व आपला मराठवाडाही त्याच संस्थानात मोडत असे. रहीमसाहेबांचे उच्च शिक्षण उस्मानिया विद्यापीठात झाले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ते हौसेने खेळत. परंतु पोटासाठी त्यांनी पेशा पत्करला तो शिक्षकाचा. काचीगुडा येथील शाळा, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा हैदराबादच्या निरनिराळ्या शाळांतून त्यांनी अध्यापन केले. पुढे शारीरिक शिक्षणाची पदविका घेऊन ते खेळांचेही शिक्षक झाले. वर्गात मुलांना शिकवावे आणि शाळा सुटली की त्यांना घेऊन मैदान गाठावे, असा त्यांचा क्रम होता. मैदानावर गेले तरी त्यांच्यातला मास्तर काही वर्गातच राहत नसे. कोणता मुलगा कशात कच्चा आहे हे हेरावयाचे आणि तेवढेच त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करवून घ्यावयाचे, ही त्यांची रीत दोन्हीकडे सारखीच होती.

या रीतीचा एक मासला पाहण्यासारखा आहे. फुटबॉल खेळणाऱ्या बहुतेक मुलांचा उजवा पाय तयार असतो आणि डावा नुसता उभे राहण्यापुरता असतो. चेंडू डावीकडे आला की मुलगा वळून तो उजव्या पायावर घेतो; तेवढ्यात प्रतिपक्षाचा गडी येऊन चेंडू पळवितो. केवळ उपदेशाने ही खोड जात नाही. म्हणून रहीमसाहेबांनी अशा स्पर्धाच भरविल्या, की ज्यांत प्रत्येकाने आपल्या कच्च्या पायानेच खेळावे. आरंभी मुलांची पुष्कळ फजिती होई. चेंडू एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे, असा प्रकार चाले. पण थोड्याच काळात त्यांचे दोन्ही पाय सारखे चालू लागत. दुसऱ्या एका स्पर्धेत चेंडू स्वतःजवळ खेळवीत पुढे नेण्यालाच बंदी असे. चेंडू आला की लगेच तो सोबत्याकडे दिला पाहिजे! एकट्याने प्रेक्षकांच्या टाळ्या मिळविण्याची सोयच त्यांनी ठेवली नव्हती.

मुलांच्या अडचणीही ते जाणून असत. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा या वस्तीत तुलसीदास बलराम नावाचा एक गरीब मुलगा राहत होता. त्याच्या पायांतील जादू रहीमसाहेबांच्या नजरेस पडली. त्यांनी त्याला शहरात सरावाला बोलाविले. पण रोज एवढ्या दूर यावे कसे? त्याच्यापाशी पैसे नव्हते. तेव्हा भाड्याच्या सायकलीचे पैसे रहीमसाहेबांनी देऊ केले. हाच बलराम पुढे १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत भारताकडून खेळला.

१९५० साली हैदराबाद सिटी पोलिसांचा फुटबॉल संघ रहीमसाहेबांच्या हाती आला. त्या वेळी भारतात फुटबॉल म्हणजे कलकत्ता, असेच समीकरण होते. मोठमोठे क्लब तेथले, नावाजलेले खेळाडू तेथले. त्यांच्यापुढे हैदराबादच्या पोलिसांना कोण विचारणार? पण त्याच वर्षी या पोलिसांनी ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात कलकत्त्याच्या मोहनबागान संघाला हरविले. मुंबईकरांना तर हा संघ विशेष परिचयाचा झाला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर तेव्हा रोव्हर्स चषकाचे सामने होत असत. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे तो चषक हैदराबादचे पोलीस घेऊन गेले. पाठोपाठ हैदराबाद राज्याच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपदाचा संतोष करंडकही लागोपाठ दोनदा जिंकला.

भारताच्या राष्ट्रीय संघाची जबाबदारीही याच काळात रहीमसाहेबांवर आली. १९५१ साली दिल्लीस पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. तेथे शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले. परंतु पुढच्याच वर्षी हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. त्या थंड प्रदेशातही आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळत होते. पायांत बूट असले म्हणजे चेंडूचा अंदाज येत नाही, असे त्यांना वाटे. या पराभवानंतर बूट घालणे सक्तीचे झाले. रहीमसाहेबांनी त्यातून आणखीही बोध घेतला. नुसत्या अंगच्या कौशल्यावर युरोपातील संघांशी झुंजता येणार नाही. कोणी कोठे उभे राहावे आणि केव्हा कोठे धावावे, याची योजना हवी, हे त्यांनी ओळखले.

आपल्याकडे तोवर दोन गडी बचावाला, तीन मध्यभागी आणि पाच आघाडीवर, अशी जुनी मांडणी चालत असे. हंगेरीच्या संघाने १९५३ साली इंग्लंडला त्यांच्याच भूमीवर हरविले, ते आघाडीचा मधला खेळाडू थोडा मागे ठेवण्याच्या युक्तीने. अशा नव्या युक्त्यांवर रहीमसाहेबांची बारीक नजर असे. मागे चार, मध्ये दोन आणि पुढे चार, ही रचना त्यांनी हैदराबादच्या मुलांकडून घटवून घेतली. १९५८ साली ब्राझीलने विश्वचषक जिंकला तेव्हा हीच रचना जगभर गाजली. हैदराबादच्या मैदानांवर ती त्याआधीच आलेली होती, पण ती वार्ता जगाला कोण सांगणार!

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये या परिश्रमांना फळ आले. भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांतील तीन गोल मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे, मूळचे गोव्याचे नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिकमधील एकाच फुटबॉल सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. पुढील दोन्ही सामने भारत हरला. तथापि ऑलिंपिकमधील चौथा क्रमांक त्याला मिळाला. भारतीय फुटबॉल त्यापुढे पुन्हा कधी जाऊ शकला नाही. चार वर्षांनी रोम येथे भारताने फ्रान्सला १-१ असे बरोबरीत रोखले. पण इतर दोन सामने गमावल्यामुळे संघ लवकर परतला.

रहीमसाहेबांची खरी कसोटी लागली ती जाकार्तास. इस्राएल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना इंडोनेशियाने प्रवेश नाकारला होता. त्यावर गुरुदत्त सोंधी या भारतीय क्रीडाधुरीणांनी आक्षेप घेतला. तेथील लोक चिडले, भारताच्या वकिलातीवर त्यांनी हल्ला केला. खेळाडूंचा या वादाशी काही संबंध नव्हता. पण मैदानात उतरले की हजारो कंठांतून त्यांच्यावर धिक्काराचा वर्षाव होई. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे हरविले. थायलंडविरुद्ध विजय मिळाला, पण त्या सामन्यात बचावफळीचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांचे डोके फुटले आणि टाके घालावे लागले. उंचापुरे गोलरक्षक थंगराज तापाने आजारी होते. आणि स्वतः रहीमसाहेब? त्यांची प्रकृती ढासळत चालली होती. फुफ्फुसाच्या कर्करोगाने त्यांना ग्रासले होते.

जपानला हरवून संघ उपान्त्य फेरीत पोचला. तेव्हा रहीमसाहेबांनी एक धाडसी निर्णय घेतला. जखमी जर्नेलसिंगांना त्यांनी बचावातून काढून थेट आघाडीवर खेळविले. टाके घातलेल्या डोक्याने बचाव करणे कठीण. पण तो धिप्पाड गडी प्रतिपक्षाच्या गोलापुढे उभा राहिला तरी तेथे धाक बसेल, असा त्यांचा हिशेब होता. जर्नेलसिंगांनी त्या सामन्यात गोलही केला आणि दक्षिण व्हिएतनामवर भारताने ३-२ असा विजय मिळविला.

अंतिम सामना पुन्हा त्याच दक्षिण कोरियाशी होता. आदल्या रात्री रहीमसाहेब खेळाडूंना आपल्याबरोबर फिरावयास घेऊन गेले. बोलता बोलता त्यांनी मुलांकडे एक भेट मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांना सुवर्णपदक हवे होते. खेळाडूंनी ही आठवण जन्मभर जपली. तरुणपणी धाक दाखविणारा गुरू आज प्रथमच त्यांच्याकडे काही मागत होता, आणि तो किती थकला आहे हे सर्वांना दिसत होते.

सामन्याच्या दिवशी क्रीडांगणात सुमारे एक लाख लोक जमले होते. त्यांपैकी बहुतेक कोरियाच्या बाजूचे होते. त्या कोलाहलात पाकिस्तानचा हॉकी संघ मात्र भारताच्या बाजूने आरोळ्या देत होता! आजारातून उठलेल्या थंगराजांना रहीमसाहेबांनी गोलात उभे केले होते. पी. के. बॅनर्जी यांनी १७ व्या मिनिटाला पहिला गोल केला. लगोलग जर्नेलसिंगांनी दुसरा केला. त्यानंतर मध्यभागी गोव्याचे फोर्तुनातो फ्रँको आणि मागे अरुण घोष इत्यादिकांनी कोरियाच्या लाटा थोपवून धरल्या. अखेरीस कोरियाने एक गोल फेडला, पण तो उशिरा. भारत २-१ असा विजयी झाला, आणि कर्णधार चुनी गोस्वामी यांच्या संघाने मागितलेली भेट गुरूला दिली.

तेथून परतल्यावर रहीमसाहेबांनी अंथरूण धरले. ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी ते हे जग सोडून गेले. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक मिळालेले नाही.

१९६१ पासून खेळाडूंना अर्जुन पुरस्कार मिळू लागला होता. बॅनर्जी, बलराम, गोस्वामी, जर्नेलसिंग, थंगराज हे रहीमसाहेबांचे शिष्य एकामागून एक त्याचे मानकरी झाले. अर्जुनाच्या नावाने पुरस्कार निघाला. द्रोणाचार्यांच्या नावाने निघावयास मात्र आणखी २४ वर्षे जावी लागली. १९८५ साली प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा रहीमसाहेबांना जाऊन २२ वर्षे लोटली होती. त्यांच्या हयातीत त्यांना सरकारचा कोणताही मोठा सन्मान लाभला नाही. फुटबॉलमधील पहिला द्रोणाचार्य पुरस्कार १९९० साली सय्यद नईमुद्दीन यांना मिळाला. ते हैदराबादचेच, सिटी पोलिसांच्या संघातून पुढे आलेले.

रहीमसाहेबांचे पुत्र सय्यद शाहीद हकीम १९६० च्या ऑलिंपिक संघात होते व पुढे तेही प्रशिक्षक झाले. फुटबॉलच्या सेवेबद्दल त्यांना २०१७ साली ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. वडिलांच्या नावाचाही पुढे एक पुरस्कार झाला. भारतातील क्लबांच्या आय-लीग स्पर्धेत वर्षातील सर्वोत्कृष्ट प्रशिक्षकाला जे पारितोषिक देण्यात येऊ लागले, त्याला सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव दिले गेले.