लेकरांच्या आजारांवर वेगळं पुस्तक लिहिणारे हकीम राझी

बेंबळीत आमच्या लहानपणी घरात एखाद्या लेकराला गोवर निघाला की दाराला लिंबाचा डहाळा लागायचा. फोडणी बंद, आंघोळ बंद, बाहेरच्या माणसाला आत येणं बंद. दादी मनुका भिजवून त्याचं पाणी पाजायची, ज्वारीची पातळ पेज द्यायची आणि पुरळ अंगावर नीट बाहेर आलं पाहिजे, आत राहिलं तर वाईट, असं सगळ्यांना बजावायची. दवाखान्यात न्यायचा विषय सहसा निघत नसे. बहुतेक लेकरं उठून खेळायला लागायची. काही उठली नाहीत. त्यांची नावं घरात फारशी कुणी घेत नाही.

दादीला हे कुणी शिकवलं? तिच्या आईनं, आणि तिला तिच्या आईनं. पण यातल्या कितीतरी गोष्टी अकराशे वर्षांपूर्वीच्या एका अरबी पुस्तकात जशाच्या तशा भेटतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. गोवर आणि देवीवरचं ते पुस्तक अबू बकर मुहम्मद इब्न जकरिया अल-राझी यांनी लिहिलं. युरोपात त्यांना रेझेस म्हणतात. लेकरांच्या आजारांचा वेगळा विचार करणाऱ्या पहिल्या काही वैद्यांत त्यांचं नाव घेतलं जातं, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

राझी म्हणजे रय शहराचे. आजच्या तेहरानला अगदी लागून हे जुनं शहर होतं. जन्म हिजरी २५१, म्हणजे इसवी सन ८६५. तरुणपणी त्यांना गाण्याबजावण्याचा नाद होता, ते ऊद वाजवायचे असं जुने चरित्रकार सांगतात. नंतर किमयेचा, म्हणजे धातू गाळण्याचा आणि अर्क काढण्याचा छंद लागला. हकिमीकडे ते वळले तेव्हा तिशी उलटली होती. आपल्याकडे बारावीला कमी मार्क पडले की पोराचं आयुष्य संपलं असं धरणाऱ्या आईबापांनी हे जरा लक्षात ठेवावं.

पुढे ते रयच्या आणि नंतर बगदादच्या बीमारिस्तानचे, म्हणजे मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले. बगदादमधली एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. रुग्णालयासाठी जागा निवडायची होती, तेव्हा त्यांनी शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगले आणि जिथलं मांस सर्वांत उशिरा नासलं ती जागा पक्की केली. गोष्ट सुरेख आहे, पण ज्या अदुदी रुग्णालयाशी ती जोडतात ते राझींच्या मृत्यूनंतर पन्नासेक वर्षांनी उभं राहिलं. म्हणजे एक तर ती दुसऱ्या एखाद्या रुग्णालयाची असेल, नाहीतर लोकांनीच त्यांच्या नावावर चढवलेली असेल. तपासून पाहायची त्यांची सवय इतकी प्रसिद्ध होती की अशी गोष्ट त्यांच्या नावावर सहज खपली, एवढं मात्र खरं.

ती सवय दुसऱ्या नोंदींतून पक्की दिसते. पारा पोटात गेला तर काय होतं हे बघायला त्यांनी तो आधी माकडाला दिला. सरसाम, म्हणजे मेंदूच्या सुजेचा ताप, असलेल्या रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाचं रक्त काढलं, दुसऱ्याचं मुद्दाम काढलं नाही, आणि फरक लिहून ठेवला. औषध दिलं आणि माणूस बरा झाला एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. औषध दिलं नसतं तर काय झालं असतं, हेही त्यांना बघायचं असे. जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, हा त्या काळी हकिमीतला शेवटचा शब्द. त्याच्याबद्दल नितांत आदर ठेवूनही राझींनी त्याच्या चुकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं.

त्यांच्या बैठकीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. शागीर्द गोल करून बसायचे, एका कड्यापुढे दुसरं कडं. आलेला रुग्ण आधी सर्वांत बाहेरच्या नवख्या शागिर्दांकडे जायचा. त्यांना जमलं नाही तर आतल्या कड्याकडे, आणि कुणालाच जमलं नाही तर उस्तादांकडे. गरिबांकडून पैसे घ्यायचे नाहीत, उलट त्यांच्या खाण्यापिण्याची सोय करायची, असा त्यांचा लौकिक होता.

आता मूळ विषयाकडे येऊ. लेकरांच्या आजारांवर राझींच्या नावानं एक छोटं पुस्तक आहे. त्याचं अरबी मूळ हरवलं, लॅटिन आणि हिब्रू भाषांतरं उरली. तान्ह्याच्या डोक्यावरचे फोड, डोकं मोठं होणं, फिट येणं, कान दुखणं आणि वाहणं, डोळे येणं, दात येतानाचा त्रास, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता, खोकला, जंत, मूतखडा असे एकेक आजार घेऊन लहान लहान प्रकरणं केलेली आहेत. कुठल्याही सरकारी दवाखान्यात सकाळी बाळांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या आयांची रांग बघा. तक्रारी जवळपास ह्याच निघतील.

त्याआधी वैद्यकाच्या पुस्तकांत लेकरांचं दुखणं मोठ्यांच्या दुखण्याच्या पोटात कुठेतरी येऊन जायचं. भारतात आयुर्वेदात कौमारभृत्य ही वेगळी शाखा होती, तो मान आपल्या मातीचाच आहे. पण अरबी-लॅटिन जगात फक्त बालरोगांवरचं स्वतंत्र पुस्तक म्हणून राझींचंच नाव आधी घेतात. अंगावर पिणाऱ्या बाळाचं पोट बिघडलं तर दूध पाजणारीचं खाणं आधी सुधारायचं, ही त्या काळच्या हकिमांची रीत. बाळाच्या तोंडात काही घालण्याआधी आईच्या ताटाकडे बघायचं. आपल्याकडे आजही बाळंतिणीचं ताट सगळ्यांत शेवटी वाढलं जातं, अशी घरं आम्ही पाहिली आहेत.

खाण्याबद्दल राझी फार आग्रही होते. अन्नाचे फायदे आणि त्यांपासून होणारा त्रास कसा टाळावा, यावर त्यांचं वेगळं पुस्तक आहे. त्यांचा क्रम ठरलेला होता: अन्नानं काम भागत असेल तर औषध द्यायचं नाही, एका जडीबुटीनं भागत असेल तर दहा एकत्र कुटायच्या नाहीत. ज्यांच्या आसपास हकीम नाही त्यांच्यासाठीही त्यांनी एक पुस्तक लिहिलं. स्वयंपाकघरात आणि बाजारात जे सहज मिळतं त्यातूनच गोरगरिबांनी काय करावं हे त्यात आहे. हातातलं ज्ञान दरबारी हकिमांपुरतं न ठेवता ते घराघरात द्यायची त्यांची ही धडपड आम्हाला सर्वांत मोठी वाटते.

गोवर-देवीचं पुस्तक म्हणजे त्यांचं सर्वांत गाजलेलं काम. तोवर अंगावर पुरळ उठणारे हे दोन्ही आजार एकाच पिशवीत टाकले जायचे. राझींनी लक्षणं वेगळी मांडली. पाठदुखी जास्त असेल तर देवी, तगमग आणि मळमळ जास्त असेल तर गोवर. कारण मात्र चुकलं. द्राक्षाचा रस जसा आंबून उकळी घेतो, तसं लेकराचं कोवळं रक्त मोठं होताना उकळी घेतं आणि त्यातून पुरळ निघतं, असं त्यांना वाटे. जंतू दिसायला अजून कित्येक शतकं जायची होती, त्यामुळे त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. थंड पाणी, जवाचं पाणी, मसुरीचं पातळ वरण, आंबट डाळिंबाचा रस हा त्यांचा पथ्याचा आहार. पुरळ बाहेर यायला मदत करायची, ही दादीची समजूतही त्यांच्याकडे आहे. आणि डोळ्यांची काळजी! गुलाबपाण्यात सुमाक भिजवून ते डोळ्यांत घालायला ते सांगतात, कारण या आजारांत डोळे जातात हे त्यांनी पाहिलं होतं.

देवीचा रोग आता जगात उरलेला नाही. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा रुग्ण १९७७ साली सोमालियात, आणि १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं रोग संपल्याचं जाहीर केलं. तो पथ्यानं गेला नाही, गुलाबपाण्यानंही नाही. लसीनं गेला.

गोवर मात्र आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीत, मग मालेगाव आणि भिवंडीत गोवराची साथ आली. लेकरं दगावली. ही सगळी आपल्या माणसांची दाट वस्ती. दगावलेल्यांत लस न घेतलेली बालकं बरीच होती. कुठे दाराशी आलेल्या आशाताईंना परत पाठवलं गेलं, कुठे पुरळ दिसल्यावर घरगुती उपायांत मोलाचे दिवस गेले, आणि कुठे लसीबद्दलच्या मोबाइलवरच्या अफवा खऱ्या मानल्या गेल्या. आम्ही स्वतःच्या नात्यातही हे बघितलंय, त्यामुळे दुसऱ्याकडे बोट दाखवायचा आम्हाला हक्क नाही.

गोवराची लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. त्याच ९व्या महिन्यात 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, १ लाख युनिट. पुढे दर सहा महिन्यांनी २ लाख, पाच वर्षांचं होईपर्यंत. गोवर झालाच तर वयाप्रमाणे 'अ' जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस द्यायचं असतं, आणि ते डॉक्टरांच्याच हातून. गोवर अंगातला या जीवनसत्त्वाचा साठा ओढून घेतो, म्हणून डोळे जातात. राझी ज्या डोळ्यांसाठी गुलाबपाणी शोधत होते त्यांचं उत्तर असं आहारातून निघालं. शेवग्याचा पाला, मेथी, पिकलेली पपई, गाजर, अंडं हे सगळं आपल्या बाजारात मिळतं. लेकरू आजारी नसतानाच हे त्याच्या पोटात जायला हवं. लिंबाचा डहाळा दाराला लावायचा तर लावा, त्यानं काही बिघडत नाही. पण श्वास जोरात चालला असेल, लेकरू पीत नसेल, सुस्त पडलं असेल, डोळ्यावर पांढरं दिसत असेल तर घरात थांबू नका.

राझींचं सगळंच आज चालणार नाही, हेही मोकळेपणी सांगितलं पाहिजे. त्या काळच्या इतर हकिमांसारखी त्यांच्याही औषधांत अफू आहे. आपल्या मुंबईत १९२०च्या दशकात गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्याला अफूची बाळागोळी देऊन कामावर जायच्या, बाळ झोपून राहायचं, कधी उठायचंच नाही. त्या बायकांवर काय वेळ होती ते समजू शकतं. पण नाव नसलेली घुटी किंवा झोपेची पुडी आजही कुणी आणून देतं, ती घेऊ नये. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, त्यातून विषबाधेचा धोका असतो. सुरम्यात शिसं असू शकतं, बाळाच्या डोळ्यांत तो नको.

भोंदूंवर तर राझी तुटून पडले होते. नाकातून साप काढणारे, जिभेखाली बेडूक लपवून तो रोग्याच्या तोंडातून काढल्याचं दाखवणारे, डोक्याला चीर देऊन आधीच मुठीत धरलेली वस्तू बाहेर काढणारे अशा लोकांच्या हातचलाख्या त्यांनी एकेक करून लिहिल्या आहेत. आठवडी बाजारात कानातला, दातातला किडा काढून दाखवणारा आपण सगळ्यांनी पाहिलाय. हा धंदा किती जुना! लोक चांगला हकीम सोडून अशांकडे का जातात, यावरही त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. त्यांच्या फलसफ्यातल्या काही मतांवर पुढे उलेमांनी कडक टीका केली, पण तो विषय वेगळा; हकीम म्हणून त्यांचा मान कमी झाला नाही.

उतारवयात त्यांची नजर गेली. कुणी म्हणतं भट्टीच्या धुरानं, कुणी म्हणतं रात्रंदिवस लिहिण्यानं. मोतीबिंदू काढायला आलेल्या माणसाला त्यांनी डोळ्याला पडदे किती असतात ते विचारलं, त्याला सांगता आलं नाही, आणि त्यांनी त्याला परत पाठवलं, असं सांगतात. हिजरी ३१३, म्हणजे इसवी सन ९२५ मध्ये रयमध्येच त्यांचं निधन झालं. पैसा मागे राहिला नव्हता. अल-बिरुनींनी पुढे त्यांच्या पुस्तकांची यादी केली, ती १८४ वर गेली.

त्यांच्या खासगी टिपणांचे ढीग बहिणीकडे होते. रुग्णांची हकीकत, जुन्या वैद्यांचं मत, स्वतःचं मत, सगळं त्यात. वजीर इब्न अल-अमीद यांनी ते तिच्याकडून पैसे देऊन घेतले आणि राझींच्या शागिर्दांना बसवून नीट लावून घेतलं. तेच अल-हावी हे अनेक खंडांचं पुस्तक. १२७९ साली सिसिलीच्या फरज बिन सालिम या यहुदी विद्वानानं ते लॅटिनमध्ये नेलं, आणि युरोपातली हकिमी शिकणारी पोरं पुढे कित्येक पिढ्या तेच वाचत होती.