पंडिता रमाबाई : वियोगानंतरची श्रद्धा

गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली जन्मलेल्या रमेला मातेकडून संस्कृत विद्या लाभली. तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरणाऱ्या या डोंगरे कुटुंबास दुष्काळाने गाठले. व्रते, दाने, उपवास सारे यथासांग झाले होते. तरी आई, वडील, थोरली बहीण एकामागून एक गेली. श्रद्धा डळमळली ती तेव्हाच. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. परंतु १८८० त बंधू श्रीनिवास व १८८२ त पती बिपिनबिहारी निवर्तले. कडेवर उरली चिमुकली मनोरमा.

पुढे इंग्लंडात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची ख्रिस्ती भगिनी मायेने शुश्रूषा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांचे दग्ध मन निवले. १८८३ च्या सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्र हळहळला, रागावलाही. तो राग अगदीच अकारण होता असे म्हणवत नाही. आहार मात्र त्यांचा अखेरपर्यंत शाकाहारीच राहिला.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या संकटाने स्वतःचे घर पुसले, त्याच्याच तोंडातून शेकडो मुली त्यांनी केडगावी आणल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. बायबलचे मराठी भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी तेथेच देह ठेवला.