महाराजा सवाई रामसिंह : जयपूरच्या मिश्र गृहसजावटीचे एक प्रणेते

जयपूर संस्थानचे अधिपती महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांचा उल्लेख इतिहासग्रंथांत बहुधा दोन कारणांनी येतो. १८५७च्या उठावात त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली हे एक, आणि त्यांच्या कारकीर्दीत जयपूर शहरास गेरूसारखा गुलाबी रंग चढला हे दुसरे. या दोन्ही गोष्टींहून अधिक दूरगामी ठरलेले त्यांचे एक कार्य मात्र सहसा चरित्रकारांच्या नजरेतून निसटते. माणसाने घरात कशावर बसावे, भोवती कोणत्या वस्तू मांडाव्यात आणि परक्या वस्तूला आपल्या दालनात कोणते स्थान द्यावे, या प्रश्नांना त्यांनी आपल्या आचरणाने दिलेले उत्तर म्हणजे हे कार्य होय. आज भिन्न काळांतील व भिन्न देशांतील वस्तू एकाच खोलीत मांडण्याची जी रुची जयपूरच्या नावाशी जोडली जाते, तिचा एक महत्त्वाचा उगम या संस्थानिकाच्या चरित्रात सापडतो.

१८३५ साली तिसऱ्या जयसिंहांचा मृत्यू झाला तेव्हा रामसिंह अगदी तान्हे होते. त्याच वर्षी जूनमध्ये जयपुरात दंगल उसळून मार्टिन ब्लेक हा इंग्रज अधिकारी मारला गेला, आणि संस्थानच्या कारभारावर इंग्रजांची पकड घट्ट झाली. राजाच्या अल्पवयात राज्य प्रतिनिधिमंडळाच्या हाती होते. पोलिटिकल एजंट जॉन लडलो याच्या प्रभावकाळात, १८४६ मध्ये, संस्थानात सतीबंदी झाली; पुढे महाराजा कॉलेज म्हणून नावारूपास आलेली शाळाही त्याच दशकातली. पंडित शिवदीन यांच्यासारखा इंग्रजी जाणणारा शिक्षक बालराजास लाभला. अशा रीतीने एकीकडे जनाना व देवघर, दुसरीकडे एजंटाचा बंगला, या दोन जगांच्या मधोमध त्यांची वाढ झाली. १८५१च्या सुमारास राज्याचे अधिकार त्यांच्या हाती आले.

त्या काळच्या राजवाड्यातील दालन म्हणजे मुख्यतः जमिनीवरची बैठक होती. जाजम, त्यावर पांढरी चादर, मध्यभागी गादी आणि लोड एवढ्या साहित्यात सारी प्रतिष्ठा सामावलेली असे. कोण गादीपासून किती अंतरावर व कोणत्या बाजूस बसतो, यावरून त्याचा दर्जा ठरे. खुर्ची या व्यवस्थेत आली ती इंग्रज अधिकाऱ्याबरोबर. तिच्यावर बसणाऱ्याची दृष्टी जमिनीवर बसलेल्यांच्या वरून जाई, आणि म्हणून दरबारातील खुर्चीचा प्रश्न हा मानापमानाचा प्रश्न होऊन बसला. इंग्रजी अमलाखालील मुलखात तर अधिकाऱ्यासमोर खुर्ची मिळण्याचा मान लाभलेल्या गृहस्थास कुर्सीनशीन म्हणत. महाराष्ट्रातही हंड्या-झुंबरे व बिलोरी आरसे वाड्यांच्या दिवाणखान्यांत सहज सामावले गेले होते. ती छताला टांगली जात वा भिंतीवर लागत, आणि खालची बैठक तशीच राहू शके. खुर्चीचे तसे नव्हते. तिने बसण्याची रीतच बदलली, आणि बसण्याच्या रीतीबरोबर माणसामाणसांतील अंतरही.

रामसिंहांनी ही खुर्ची वेगळ्याच वाटेने आपलीशी केली. ती वाट छायाचित्रणाची होती. १८६०च्या दशकात त्यांनी ही कला आत्मसात केली. टी. मरे नावाच्या युरोपीय छायाचित्रकाराचे साहाय्य त्यांना लाभले होते. मुंबईत १८५४ सालीच छायाचित्रणाची संस्था निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी हे तेथे या कलेत नाव मिळवून होते. तथापि राजवाड्याच्या आत एखाद्या संस्थानिकाने स्वतः कॅमेरा हाताळावा, ही गोष्ट दुर्मीळच होती. तेव्हाची पद्धत मोठी कष्टाची असे. काचेवर कलोडियनचा लेप द्यायचा, ती रुप्याच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि लगेच अंधाऱ्या खोलीत नेऊन प्रतिमा उमटवायची. काच वाळली की काम फुकट जाई. चित्र घेताना समोरच्या व्यक्तीस काही सेकंद निश्चल राहावे लागे. खुर्चीची पाठ व मेजाची कड यांचा आधार त्यासाठी उपयोगी पडे. म्हणजे या वस्तू तेथे आल्या त्या केवळ शोभेसाठी आल्या, असे म्हणता येत नाही.

या छायाचित्रांतील मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. मागे रंगविलेला युरोपीय धाटणीचा पडदा, खाली नक्षीचा गालिचा, बाजूस कोरीव मेज वा खुर्ची, आणि या साऱ्यांच्या मध्ये घागरा-ओढणी व दागिने ल्यालेली स्त्री. स्वतःच्या छायाचित्रांत रामसिंह कधी राजपूत सरदाराच्या वेषात, तर कधी रुद्राक्षमाळा धारण केलेल्या शिवभक्ताच्या रूपात दिसतात. त्यांची शिवभक्ती कडवी होती; तिच्यापायी १८६०च्या दशकात जयपुरात शैव-वैष्णवांचा तीव्र कलह झाला आणि काही वैष्णव आचार्य आपल्या मूर्तींसह संस्थान सोडून गेले. असा धर्मनिष्ठ पुरुष परदेशी कॅमेऱ्यासमोर आपली भक्तमुद्रा निःसंकोचपणे मांडतो, यात त्यास विसंगती वाटली नसावी. परकी वस्तू वापरल्याने आपण परके होत नाही, ही त्यांची धारणा या चित्रांतून व्यक्त होते.

जनान्यातील स्त्रियांची चित्रे या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत. या स्त्रिया बहुतांशी पट्टराण्या नव्हत्या; पासवान, पडदायत, गायिका, दासी अशा वर्गांतल्या त्या होत्या. दरबारात ज्यांना खुर्ची मिळण्याचा संभव नव्हता, त्या येथे खुर्चीवर ताठ बसून थेट समोर पाहतात. पडद्याआडच्या स्त्रीविषयी युरोपात रूढ असलेल्या विलासी कल्पनांना या चित्रांत थारा नाही. तथापि हेही ध्यानात घेतले पाहिजे की कॅमेरा राजाच्या हाती होता, आणि त्या स्त्रियांपैकी बहुतेकींची नावे चित्रांबरोबर आपल्यापर्यंत आलेली नाहीत. मान मिळाला तो क्षणापुरता, आणि तोही राजाच्या इच्छेने.

हीच रुची रामसिंहांनी राजवाड्याबाहेर नेली. १८६६च्या सुमारास जयपुरात कलाशाळा स्थापन झाली. मुंबईची जमशेटजी जीजीभाई कलाशाळा १८५७ मध्ये निघालेली होती; ब्रिटिश मुलखातील ही चळवळ एका संस्थानाने इतक्या लवकर उचलावी हे विशेष होय. डॉ. द फाबेक हे या शाळेचे आरंभीचे प्रमुख. जयपूरच्या निळ्या मृत्पात्रांची परंपरा याच शाळेशी निगडित आहे. तिच्याविषयीची आख्यायिका अशी की पतंगांच्या स्पर्धेत बयान्याहून आलेल्या दोघा भावांनी महाराजांचे पतंग सपासप कापले. त्यांनी मांज्याला निळ्या काचेची पूड लावली होती असे कळताच महाराजांनी त्यांना दिल्लीच्या कारागिराकडे शिकावयास धाडले. आख्यायिका कितपत खरी, हा प्रश्न गौण आहे. या भांड्यांत नेहमीची कुंभारमाती नसते. गारगोटीची पूड, काच, मुलतानी माती व डिंक यांच्या मिश्रणातून ती घडतात, आणि कोबाल्ट व तांबे यांच्या भस्मांतून त्यांना निळा व मोरपंखी रंग मिळतो. मध्य आशिया व इराणकडून आलेली ही विद्या जयपूरची ओळख होऊन बसली, यातच या नगरीच्या रुचीचे मर्म आहे.

रामनिवास बागेची उभारणी १८६८ साली सुरू झाली. १८७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या आगमनाप्रसंगी शहर रंगविले गेले आणि त्याच बागेत अल्बर्ट हॉलची कोनशिला बसली. १८७८ मध्ये रामप्रकाश नाट्यगृह उभे राहिले. सप्टेंबर १८८० मध्ये रामसिंह निपुत्रिक वारले. इसरद्याच्या घराण्यातून दत्तक घेतलेले माधोसिंह गादीवर आले.

त्यांच्या पश्चात घडलेली घटना विचार करावयास लावणारी आहे. रेसिडेन्सीचे डॉक्टर टॉमस हॉल्बिन हेंडली यांनी १८८३ मध्ये जयपुरात मोठे औद्योगिक प्रदर्शन भरविले. त्यापाठोपाठ स्विंटन जेकब यांनी पूर्ण केलेल्या अल्बर्ट हॉलमध्ये १८८७ साली संग्रहालय उघडले. कारागिरांपुढे जुने उत्तम नमुने ठेवावेत आणि युरोपीय घाटांच्या अनुकरणापासून त्यांना परावृत्त करावे, ही हेंडली यांची भूमिका होती. जेकब यांनी १८९० पासून प्रसिद्ध केलेल्या वास्तुतपशिलांच्या चित्रसंग्रहामागेही जुन्या नमुन्यांचा हाच आदर दिसतो. म्हणजे देशी शुद्धतेचा आग्रह इंग्रज अधिकाऱ्यांनी धरला, आणि मिश्रणाचा मार्ग देशी राजाने चोखाळला होता. जुन्याचे रक्षण झाले हे इष्टच. परंतु राजपूत स्त्रीने व्हिक्टोरियन खुर्चीवर बसणे हेही जयपूरच्या परंपरेचेच अंग होते, ही जाणीव त्या संग्रहालयीन दृष्टीत हरवली.

पुढील काळाने मात्र रामसिंहांच्या बाजूने कौल दिला. १९०२ मध्ये माधोसिंह इंग्लंडला निघाले तेव्हा गंगाजल नेण्यासाठी वापरलेले प्रचंड रौप्यकुंभ, प्रत्येकी सुमारे ३४५ किलो वजनाचे, आज राजवाड्यातील सर्वतोभद्र दालनात शोभावस्तू म्हणून उभे आहेत. रामसिंहांच्या नावाचा रामबाग महाल १९५७ मध्ये हॉटेल झाला. मंदावलेल्या निळ्या मृत्पात्रकलेस कृपालसिंह शेखावत (१९२२–२००८) यांनी नवजीवन दिले. कलाशाळा, संग्रहालय व बाजार यांनी रामसिंहांचा वारसा आपापल्या परीने वाटून घेतला आहे. त्या वारशाचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज मात्र राजवाड्याच्या संग्रहातील काचांवर उमटलेला आहे. तेथील खुर्ची कोणत्या घडणीची, गालिचा कोणत्या नक्षीचा, हे अभ्यासक ओळखू शकतात; खुर्चीवर बसलेल्या स्त्रीची ओळख पटविणे हे काम अजून शिल्लक आहे.