‘नवा करार’ हा शब्द मुळात आला कुठून? विहिरीत टाकलेल्या यिर्मयाची गोष्ट

बायबलचे जुना करार आणि नवा करार असे दोन भाग आहेत, हे तुम्ही ऐकलं असेल. पण ‘नवा करार’ ही कल्पना येशूच्या सुमारे सहाशे वर्षं आधी एका यहुदी संदेष्ट्याने मांडली होती. त्याचं नाव यिर्मया.

करार कसला?

यहुदी धर्मग्रंथांनुसार देवाने सिनाय पर्वतावर इस्राएली लोकांशी करार केला. लोकांनी त्याचे नियम पाळायचे, त्याने त्यांना आपलं मानायचं. गुलाम, विधवा, अनाथ यांच्याशी कसं वागायचं, हेही त्या नियमांत होतं.

यिर्मयाचा जन्म जेरुसलेमजवळच्या अनाथोथ गावात, पुरोहितांच्या घरात झाला. इ.स.पू. 627 च्या सुमारास, अगदी तरुण वयात तो देवाचा संदेश सांगू लागला. पाचेक वर्षांनी मंदिरात नियमशास्त्राची गुंडाळी सापडली. राजा योशीयाने ती सगळ्यांना वाचून दाखवली आणि करार पुन्हा पक्का केला.

पण पुढे त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर आला. यिर्मयाने लेखनिक बारूखकडून लिहून घेतलेली गुंडाळी त्याच्यासमोर वाचली गेली, तेव्हा तो तिचे तुकडे कापून शेगडीत टाकत गेला. यिर्मयाने ती पुन्हा लिहवून घेतली, वर आणखी मजकूर घातला.

वासराचे दोन तुकडे

राजा सिद्कीयाच्या काळात बॅबिलोनच्या फौजेने जेरुसलेमला वेढा घातला. घाबरलेल्या श्रीमंतांनी आपले हिब्रू गुलाम सोडायचा करार केला. वासराचे दोन तुकडे करून ते त्यांच्या मधून चालत गेले. करार मोडला तर आमचीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. हिब्रूमध्ये करार ‘कापतात’ तो असा!

मग इजिप्तची फौज आली आणि वेढा काही काळ उठला. लगेच मालकांनी त्याच गुलामांना परत धरून आणलं. यिर्मयाने बजावलं, आता शहर वाचणार नाही. त्याला फितूर ठरवून चिखलाच्या विहिरीत सोडण्यात आलं. दरबारातल्या एबद-मलेख या कूशी सेवकाने त्याला दोर काचू नयेत म्हणून काखेत धरायला चिंध्या दिल्या आणि वर ओढलं.

इ.स.पू. 586 च्या सुमारास शहर पडलं, मंदिर जळालं. उरलेल्या लोकांनी यिर्मयाला त्याच्या इच्छेविरुद्ध इजिप्तला नेलं. त्याची गोष्ट तिथेच थांबते.

मग नवा करार कुठला?

लिहिलेला करार जाळता येतो आणि शपथ मोडता येते, हे यिर्मयाने पाहिलं होतं. त्याच्या पुस्तकातला नवा करार माणसांच्या मनावर लिहिलेला आहे. तो लहानथोर सगळ्यांसाठी आहे. हिब्रू बायबलमध्ये ‘नवा करार’ हे शब्द फक्त तिथेच येतात.

काही शतकांनी एका यहुदी पंथाने हे शब्द उचलले. मृत समुद्राजवळच्या कुमरान गुहांत सापडलेल्या ‘दमास्कस दस्तऐवजा’त नव्या करारात सामील झालेल्यांचा उल्लेख आहे. तिथल्याच दुसऱ्या एका नियमावलीत प्रवेशासाठी शपथ, परीक्षेचा काळ आणि मालमत्ता पंथाकडे देणं अशा अटी आहेत. बाहेरच्यांसाठी होते शाप.

पुढे ख्रिस्ती लोकांनी तेच शब्द आपल्या ग्रंथाला दिले. सगळ्यांसाठी मांडलेल्या करारात नेमकं कोण मोडतं, हा वाद मात्र तेव्हापासून सुरूच राहिला.