मुळापासून शिकणारा माणूस

परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर नोट्सची पीडीएफ मागताना, मूळ पुस्तकात नेमकं काय लिहिलंय, असा प्रश्न तुम्हाला कधी पडतो का? खरं सांगा, नाहीच पडत! धर्मानंद कोसंबींना मात्र तो आयुष्यभर पडत राहिला. त्याची किंमत त्यांनी मोजलीच, पण त्यांच्या घरच्यांनीही मोजली.

त्यांचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा. शाळा जेमतेम झालेली, लग्नही लहान वयातच झालेलं. अशात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचं चरित्र वाचलं आणि मनात एकच गोष्ट बसली : हा माणूस काय सांगत होता, ते मुळातून समजून घ्यायचं. १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. पुणे झालं, मग काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकणं झालं. पुढे नेपाळ, बोधगया, कोलकाता करत १९०२ मध्ये ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले. तिथे पाली शिकले, भिक्खूही झाले.

वाचताना भारी वाटतं ना? पण जरा थांबा. मागे गोव्यात पत्नी बाळाबाई होत्या आणि तान्ही मुलगी होती. शिकण्याच्या ओढीपायी माणसांना असं सोडून जाणं बरोबर होतं का? याचं सोपं उत्तर नाही. धर्मानंदांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात ही गोष्ट लपवली नाही. १९०६ नंतर ते पुन्हा संसारात आले. आणि १९१८ मध्ये अमेरिकेला जाताना मुलगा दामोदरबरोबर त्याच मुलीला, माणिकलाही शिकायला सोबत नेलं. त्यानं मधली वर्षं भरून निघाली असं म्हणता येणार नाही, पण चुकवलेली जबाबदारी त्यांनी पुन्हा अंगावर घेतली, एवढं नक्की.

पैशांचा हिशेबही त्यांनी असाच स्वतःपुरता मांडला. कोलकाता विद्यापीठातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना ५० रुपये पत्करले. का? तर महाराष्ट्रात राहून, मराठीतून आपल्या माणसांपर्यंत बुद्ध पोचवायचा होता. पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचं संपादन, फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवणं आणि मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास, हे सगळं झालं.

पण त्यांची खरी कसोटी लागली ती बुद्धाबाबतच. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थानं घर सोडलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलीय. ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात धर्मानंदांनी ती जुन्या पाली ग्रंथांवर घासून पाहिली आणि बाजूला ठेवली. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, शस्त्र उचलणं सिद्धार्थाला पटेना, म्हणून तो बाहेर पडला, असं त्यांनी मांडलं. ज्याच्यासाठी घर सोडलं, त्याच्याबद्दलची लाडकी कथाही तपासल्याशिवाय घेतली नाही!

१९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला ते गेले. त्यांच्यासारखं घर सोडायची तुम्हाला गरज नाही. पण एखादी गोष्ट मनापासून पटली, की दोन प्रश्न स्वतःला विचारून बघा. हे मुळात कुठून आलं? आणि मी यामागे गेलो किंवा गेले, तर त्याची झळ कोणाला बसेल?